नाव नसलेला कागद

सोमवारी सकाळी उपकेंद्राचं दार उघडायला गेले, तर कुलपाच्या वरच कागद चिकटवलेला होता. भाताच्या पेजेनं लावला होता. कडा अजून ओल्या होत्या. मी तिथंच उभी राहून वाचला, आणि पुन्हा वाचायला लागले तेव्हा हातातली किल्ली खाली पडली.

"एरमेट्टा गावात पोलिसांचे मुखबीर आहेत. ते कोण, हे आम्हाला माहीत आहे. शुक्रवारी सकाळी मोठ्या मोहाच्या झाडाखाली जनअदालत भरेल. घरातल्या प्रत्येकानं हजर राहावं. जो गाव सोडून जाईल, तोच मुखबीर समजला जाईल."

खाली दलमचं, म्हणजे जंगलातल्या नक्षलींच्या बंदूकधारी पथकाचं नाव. बाकी कुणाचंच नाव नाही.

या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. नागभीडहून आरोग्यसेविका म्हणून गडचिरोलीच्या त्या टोकाला माझी नेमणूक झाली, तेव्हा आई आठवडाभर जेवली नव्हती. पण तीन वर्षं एरमेट्ट्यात काढली आणि गाव मला मानवलं. चौतीस घरं, सगळी माडिया आदिवासींची. मी त्यांची भाषा शिकले होते, गावातली सतरा बाळंतपणं माझ्या हातून झाली होती. म्हणून हे सगळं बोलणं खरं माडियात झालेलं आहे. मी ते माझ्या मराठीत सांगते आहे.

हळूहळू लोक जमले. वाचता येणारे गावात चौघेच. गावपाटील मासा पुंगाटी काठी टेकत आला आणि म्हणाला, "वाच, बाई. मोठ्यानं वाच."

मी वाचला. कुणी "कोण?" असं विचारलं नाही. मला त्याचंच नवल वाटलं. सगळे आधी आपापल्या पायांकडे बघत होते, मग एकेक जण मान न उचलता शेजारच्याकडे बघायला लागला. थोड्या वेळात दारापुढे मी एकटीच उरले.

मोहफुलांचे दिवस होते. एरवी त्या दिवसांत पहाटे फटफटायला लागलं की बाया टोपल्या घेऊन घोळक्यानं निघायच्या, फुलं वेचताना त्यांची थट्टामस्करी पार नाल्यापर्यंत ऐकू यायची. त्या मंगळवारी कुणी गेलं नाही. झाडांखाली फुलांचा सडा पडून सुकत राहिला. विहिरीवर एक बाई पाणी भरून गेली की मग दुसरी यायची. ज्या पोरांना मी आदल्या आठवड्यात एकत्र नाचताना बघितलं होतं, त्यांना आया दाराआड ओढून घेत होत्या.

आमच्याकडे पोलीस आले की पाणी मागायचे, रस्ता विचारायचे. ते द्यावं लागायचं. जंगलातले दादालोक आले की भात मागायचे. तोही द्यावा लागायचा. मग एकानं विचारायचं, "त्यांना पाणी कुणी दिलं?" आणि दुसऱ्यानं विचारायचं, "त्यांना भात कुणी शिजवला?" अशा गावात मुखबीर कोण, या प्रश्नाला कुणाचंही नाव उत्तर म्हणून चालतं.

मंगळवारी दुपारी कोपा आला. हा गावातलाच माणूस, चाळिशीचा, पण दलमचे निरोप तोच आणतो आणि नेतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. अंगात कणकण आहे म्हणाला. मी ताप मोजायची काचेची नळी त्याच्या काखेत ठेवली. ताप नव्हता.

"बाई," तो म्हणाला, "तुमच्या रजिस्टरात सगळ्या गावाचं येणं-जाणं असतं."

"औषधाचं असतं."

"तेच. तालुक्याला सारखं कोण जातं?"

मी टेबलावरचं रजिस्टर मिटलं.

"तुम्ही बाहेरच्या. तुमच्यावर पहिली नजर जाते. मी सांगतो त्यांना, बाई चांगली आहे. पण मलाही काही तरी घेऊन जावं लागतं ना."

आई, नागभीडचं घर, धाकट्या बहिणीचं ठरलेलं लग्न, सगळं डोळ्यांपुढून गेलं. आणि मी म्हणाले, "चिन्ना जातो. चिन्ना वड्डे. दर आठवड्याला जातो."

"काय करायला?"

"मला काय माहीत?"

हे मी म्हणाले. मला माहीत होतं. गावातलं एकुलतं एक दुकान चिन्नाचं होतं, तो मीठ, तेल, काडेपेट्या आणायला जायचा. माझ्या जलसंजीवनीच्या पुड्यांचं खोकंसुद्धा तोच सायकलवर बांधून आणायचा. पण मी म्हणाले, मला काय माहीत. कोपानं नळी काखेतून काढून माझ्या हातात दिली आणि निघून गेला.

तासाभरानं रैनी मट्टामी आली. विळ्यानं बोट कापलं होतं. रैनी तिशीतली विधवा, गावाच्या कडेला राहायची, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिच्या नवऱ्याला, केसाला, चार वर्षांपूर्वी दलमनं मुखबीर म्हणून मारलं होतं. मी त्यानंतर आले. त्याबद्दल गावात कुणी एक अक्षर बोलायचं नाही, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

मी जखम धुवायला घेतली. आयोडीनची बाटली मी दोनदा उघडली आणि दोनदा तशीच बंद केली. ती ते बघत होती.

"कोपा येऊन गेला?" तिनं विचारलं.

"ताप होता त्याला."

"माझ्याकडेपण आला होता. माझ्याकडे त्याला खोकला होता." ती हसली नाही. "त्या वेळीपण असाच कागद होता, बाई."

"कोणत्या वेळी?"

"केसाच्या वेळी. त्या कागदावरपण नाव नव्हतं."

मी पट्टी बांधता बांधता थांबले.

"त्यांना नाव माहीत नव्हतंच," रैनी म्हणाली. "चार दिवस कोपा घरोघर फिरला. लोकांनी नावं दिली. ज्याचं नाव जास्त वेळा आलं, तो केसा. त्याचा एका बैलावरून दोघातिघांशी वाद होता, म्हणून त्याचं नाव तोंडात पटकन आलं. मग झाडाखाली विचारलं, हा मुखबीर आहे असं कोण म्हणतं? हात वर करा. आणि हात वर झाले."

"किती?"

"मी मोजले नाहीत. माझा मात्र खाली होता. म्हणून मी त्या कडेच्या घरात राहते."

बाहेर कुठे कोंबडा ओरडत होता, भर दुपारी. मला वाटलं, आत्ता बोलले नाही तर मग मरेपर्यंत बोलता येणार नाही.

"रैनी, मी नाव दिलं. आत्ता, थोड्या वेळापूर्वी. चिन्नाचं."

ती ओरडेल, उठून जाईल, थुंकेल, असं काही तरी मला वाटलं होतं. तिनं अर्धी बांधलेली पट्टी स्वतःच दातांनी आवळली आणि म्हणाली, "चिन्नाला सांगितलंस?"

"त्याला कसं सांगू?"

"चल."

तिनं माझं मनगट धरलं आणि भर उन्हात मला गावातून चालवत नेलं. दारादारांतून डोळे आमच्यावर होते. चिन्ना दुकानाच्या ओट्यावर रिकाम्या पोत्यांच्या घड्या घालत बसला होता. मला बघून तो उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. माझ्या काय मनात आहे हे त्याला कळलं की काय, असं मला वाटून गेलं.

"चिन्ना," मी म्हणाले, "कोपा आला होता. तालुक्याला कोण जातं विचारत होता. मी तुझं नाव सांगितलं. कशाला जातोस ते मला माहीत होतं, पण ते सांगितलं नाही. मी भ्याले."

तो एकदम खाली बसला, आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"बाई," तो म्हणाला, "मी तुमचं सांगितलं."

"काय?"

"कोपाला. सकाळी. बाई रजिस्टरात सगळ्यांची नावं लिहिते आणि कागद तालुक्याला पाठवते, असं सांगितलं. लसीचे कागद आहेत, हे मला माहीत नाही का? मीच तर नेतो ते!"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आणि मला काय झालं कोण जाणे, मला हसू फुटलं. चिन्नालाही फुटलं. वाईट हसू होतं ते, रडण्यापेक्षा वाईट. आम्ही दोघं त्या ओट्यावर पोट धरून हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रैनी उभी होती. आमचं थांबल्यावर ती म्हणाली, "आता बाकीच्या घरांत जाऊ."

आम्ही तिघं निघालो. पहिल्या दोन घरांत कुणी दार उघडलं नाही. तिसऱ्या घरात म्हातारी जोगी आणि तिचा मुलगा होता. चिन्ना दारात बसून म्हणाला, "काकी, मी बाईंचं नाव दिलं आणि बाईंनी माझं. तू कुणाचं दिलंस?" म्हातारी बराच वेळ मान हलवत राहिली, आणि मग तिनं शेजारच्याच घराकडे बोट केलं. आम्ही शेजारच्या घरात गेलो, तर त्यांनी म्हातारीच्या मुलाचं दिलेलं होतं.

संध्याकाळपर्यंत हे असंच चाललं. आधी आम्ही तिघं होतो, मग सात, मग वीस. शेवटी शेवटी आम्हाला विचारावंही लागत नव्हतं. लोक दाराबाहेर येऊन स्वतःच सांगत होते. कुणी सासऱ्याचं नाव दिलं होतं. कुणी ज्याच्याशी मुलीचं लग्न मोडलं त्याचं. एका बाईनं आपल्याच नवऱ्याचं दिलं होतं. ती ते सांगताना नवरा शेजारीच उभा होता. तो नुसता "हं" म्हणाला.

बुधवारी सकाळी गोटुलाच्या, म्हणजे गावाच्या सामाईक घराच्या अंगणात सगळं गाव बसलं. मासा पाटील मधोमध होता. त्याच्याशी आदल्या दिवशी कुणी बोललं नव्हतं. तो सत्तरीचा, आणि त्याच्यासमोर आवाज चढवायची गावात रीत नव्हती. पण रैनी उठली.

"पाटील, चार वर्षांपूर्वी झाडाखाली पहिला हात कुणाचा वर झाला?"

पाटलानं काठी आडवी करून मांडीवर ठेवली.

"माझा," तो म्हणाला.

"का?"

"माझं नाव दुसऱ्या नंबरावर होतं, पोरी. कोपानं येऊन सांगितलं होतं. केसा नसता तर मी होतो." त्याचा आवाज फुटला नाही, पण बोलायला त्याला फार वेळ लागत होता. "मी हात वर केला, आणि माझ्याकडे बघून बाकीच्यांनी केला. पाटील म्हणतो म्हणजे खरं असेल, असं त्यांना वाटलं. चार वर्षं मी तुझ्या घरावरून जात नाही. लांबच्या वाटेनं जातो."

"मला माहीत आहे," रैनी म्हणाली. "पाऊलवाट बुजली."

पाटील उठला, तिच्यापुढे आला आणि सगळ्या गावासमोर तिच्या पायाशी बसला. तिनं त्याला उठवलं नाही. तीही खाली बसली, एवढंच. मग ती सगळ्यांकडे वळून बोलली. ती बाई एवढं बोलू शकते, हे गावाला त्या दिवशी कळलं.

"त्यांच्याकडे बंदूक आहे. आपल्याकडे नाही. पण बंदूक कुणावर रोखायची, हे त्यांना आपणच सांगतो. ते रिकामा कागद आणतात आणि आपण तो भरून देतो. या वेळी भरायचा नाही."

"आणि तरीही त्यांनी कुणाला उचललं तर?" मागून कुणी तरी विचारलं.

"एकट्याला उचलतात ते. एकटं राहायचंच नाही."

त्या दिवसापासून शुक्रवारपर्यंत गावात एकच चूल पेटली. गोटुलाच्या अंगणात मोठ्या पितळी गुंडात भात शिजायचा, सगळे तिथंच जेवायचे, तिथंच झोपायचे. मोह वेचायला गेले तर सगळे एकाच झाडाखाली, मग दुसऱ्या झाडाखाली. कोपा बुधवारी पुन्हा आला. त्याला कुणाशी बोलायचं असेल तर चाळीस माणसं ऐकत होती. तो एकेकाच्या तोंडाकडे बघत उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, "मी काय सांगू त्यांना?"

पाटील म्हणाला, "तू पण जेवायला बस, कोपा. तूही या गावचाच आहेस."

तो बसला नाही. पण जातानाही पाय ओढत गेला.

मला एक गोष्ट लपवायची नाही. गुरुवारी दुपारी मी पिशवी भरली होती. नाल्यापलीकडे सहा कोसांवर एस.टी. थांबते. मी उपकेंद्राच्या दारात पिशवी घेऊन उभी राहिले, आणि मग पिशवी आत ठेवून लसीचं खोकं घेऊन अंगणात गेले. त्या दुपारी मी अकरा बाळांना लस टोचली, कारण सगळी पोरं एका जागी सापडली होती.

शुक्रवारी ऊन वर यायच्या आधी दलम आलं. पंधराएक जण, हिरवे कपडे, खांद्याला बंदुका. त्यांत चार मुली होत्या, माझ्याहून लहान. त्यांचा कमांडर रघूदादा म्हणून ओळखला जायचा. पस्तिशीचा, बारीक अंगाचा, शांत आवाजाचा. तो ओरडत नाही, हे मी ऐकलं होतं. म्हणूनच त्याची जास्त भीती वाटायची.

गाव मोहाखाली बसलं होतं. पण एरवीसारखे पुरुष एकीकडे, बाया एकीकडे, घरं घरं वेगळी, असं नाही. सगळे मिसळून, खांद्याला खांदा लावून. रैनीनंच सगळ्यांना तसं बसवलं होतं. चिन्नाच्या एका बाजूला पाटील होता, दुसऱ्या बाजूला मी.

रघूदादा बराच वेळ गरिबांच्या राज्याबद्दल बोलला. त्यातलं काही खरंही होतं. फॉरेस्टवाल्यांनी या लोकांना किती छळलं हे मी पाहिलं होतं. मग त्यानं खिशातून कागद काढला.

"या गावातून आमच्याकडे नावं आली आहेत. जनतेनंच दिली. त्यांत एक नाव जास्त वेळा आलं. चिन्ना वड्डे. उभा राहा."

चिन्ना उभा राहिला. आणि त्याच्याबरोबर पाटील उभा राहिला, मी उभी राहिले, आमच्या मागची रांग उभी राहिली. कपडे सळसळले, पोरं रडायला लागली, आणि एका दमात सगळं गाव उभं होतं. जोगी म्हातारीला तिच्या मुलानं काखेत धरून उभं केलं होतं.

"बाकीचे बसा," रघूदादा म्हणाला.

कुणी बसलं नाही.

"चिन्ना, बस."

चिन्ना बसला. सगळे बसले.

त्या चार मुलींपैकी एकीनं चटकन दुसरीकडे तोंड फिरवलं. ती हसली की काय, ते मला दिसलं नाही.

"हा मुखबीर आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

वारा पडला होता. एक मोहफूल पाटलाच्या पागोट्यावर पडलं, ते त्यानं काढलं नाही. काढायला गेला तर हात वर झाला असता म्हणून. एकही हात वर झाला नाही.

"तुम्हीच नाव दिलंत!" पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "या सिस्टरनं दिलं. दर आठवड्याला तालुक्याला जातो, असं म्हणाली. होय की नाही, सिस्टर?"

मी उठले. पुन्हा सगळे उठायला लागले, पण मी हातानं खुणावून त्यांना बसवलं. हे माझं मला एकटीला करायचं होतं. चिन्नाच्या खांद्यावर हात ठेवून मी उभी राहिले.

"होय. मी म्हणाले. तो जातो, हे खरं आहे. मीठ आणायला जातो, तेल आणायला जातो, माझी औषधं आणायला जातो. तेवढं सांगायचं मी गाळलं. भीतीनं गाळलं. ती माझी चूक. ती मी त्याला सांगितली, गावाला सांगितली, आता तुम्हाला सांगते. यानंतर माझ्याकडून कुणाला नाव मिळणार नाही. तुम्हालाही नाही आणि पोलिसांनाही नाही."

"आणि आम्ही तुला नेलं तर?"

मी काही बोलायच्या आत मागून रैनीचा आवाज आला. "मग सगळ्यांना न्या. दोनशे अकरा माणसं आहेत. भात बरोबर घेऊ, की तुमच्याकडे आहे?"

कुणी तरी खुदकन हसलं. मग आणखी कुणी. भीतीनं ताणलेल्या त्या सगळ्या माणसांतून ते हसू सरकत गेलं, आणि मी रघूदादाकडे बघत होते म्हणून मला दिसलं. त्याचा हात बंदुकीच्या पट्ट्यावर होता, आणि त्याला कळत नव्हतं की बंदूक कुणाकडे वळवायची.

"इथंच बसवून ठेवतो," तो म्हणाला. "कुणी तरी बोलेपर्यंत."

आम्ही बसलो. ऊन डोक्यावर आलं. अंगावर पिणारी बाळं प्यायली, झोपली. दुपारी रैनीनं आंबिलीचं मडकं मागवलं आणि द्रोणांतून सगळ्यांना वाढत गेली. वाढता वाढता ती दलमच्या मुलींपुढेही थांबली. त्यांनी कमांडरकडे बघितलं. त्यातल्या एकीनं द्रोण घेतला आणि घटाघटा प्याली. मग बाकीच्या तिघींनी. रैनीनं शेवटचा द्रोण रघूदादापुढे धरला. त्यानं घेतला नाही. तिनं तो त्याच्या पायाजवळ जमिनीवर ठेवला आणि जागेवर येऊन बसली.

उन्हं कलायला लागली तेव्हा त्यानं कागदाची घडी घातली. "हे गाव लक्षात राहील," एवढंच म्हणाला. एकामागोमाग एक ते नाल्यात उतरले आणि झाडीत दिसेनासे झाले. कुणी ओरडलं नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. कितीतरी वेळ कुणी उठलंच नाही. मग पाटलानं पागोट्यावरचं ते फूल काढून तोंडात टाकलं आणि चावत चावत म्हणाला, "गोड आहे यंदाचं." आणि मग मात्र जो गलका उठला! बाया नाचायला लागल्या, ढोल आले, चिन्नानं दुकानातला सगळा गूळ आणून वाटला. कोपा झाडाआड उभा होता. जोगी म्हातारीनं त्याचा हात धरून त्याला नाचणाऱ्यांत ओढलं, आणि तो नाचता नाचता लहान पोरासारखा रडला.

तीन दिवसांनी पोलिसांची जीप आली. साहेबांनी विचारलं, दलम आलं होतं का, कोण कोण होतं, त्यांना जेवण कुणी दिलं. त्यांना चिन्नाला बाजूला घेऊन बोलायचं होतं. चिन्ना उठला, तर सगळं गाव उठलं. साहेब चमकले. पाटील म्हणाला, "साहेब, जे विचारायचं ते सगळ्यांसमोर विचारा. आमच्यात आता एकट्यानं कुणी बोलत नाही." साहेब जरा वेळ घुटमळले, पाणी प्यायले आणि गेले. पुढच्या ग्रामसभेत गावानं ठराव केला की बंदूकवाला कुणीही असो, त्याला गावात थारा नाही आणि कुणाचं नावही मिळणार नाही. ठरावाखाली दोनशे अकरा अंगठे आणि सह्या होत्या. तान्ह्या बाळांचेसुद्धा अंगठे घेतले होते. शाई माझी होती. दलम त्यानंतर आमच्या नाल्याच्या अलीकडे आलं नाही. आजूबाजूच्या पाच गावांनी तो ठराव मागून नेला.

पुढे बऱ्याच वर्षांनी जिल्ह्याला एका प्रशिक्षणात एका अधिकाऱ्यानं फळ्यावर दहशतवादाचे प्रकार आणि पद्धती लिहिल्या होत्या. धर्माच्या नावानं होणारा, क्रांतीच्या नावानं होणारा, बॉम्ब, अपहरण, सुरुंग. छान शिकवलं त्यांनी. शेवटी कुणाला काही शंका आहे का, असं विचारलं. मी उठून म्हणाले, "साहेब, यात कोपाचा खोकला लिहायचा राहिला." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मी त्यांना ही गोष्ट सांगितली.

पण त्यांना जे सांगितलं नाही, ते इथं सांगते.

माडिया लोक आपल्या मेलेल्या माणसासाठी दगड उभा करतात. गावाबाहेर एका माळावर असे किती तरी दगड होते, आजे-पणजे, बाया-पुरुष सगळ्यांचे. केसाचा नव्हता. मुखबीर म्हणून मारलेल्यासाठी दगड लावायची कुणाची छाती झाली नव्हती. त्या वर्षी पहिल्या पावसाच्या आधी पाटील रैनीच्या दारात गेला, बुजलेल्या वाटेनं, काट्यांतून. "दगड बघून ठेवला आहे," तो म्हणाला. "तू हो म्हणालीस तर."

पुरुषभर उंचीचा दगड होता, डोंगराच्या पायथ्याशी. वेलींचे दोर बांधले, खाली लाकडाचे ओंडके घातले, आणि सगळं गाव ओढायला लागलं. कोपाही होता, सगळ्यात पुढे. अर्ध्या वाटेवर चढ आला आणि दगड अडला. लोक धापा टाकत थांबले. तेव्हा रैनी पुढे आली. तिनं दोराला हात घातला आणि म्हणाली, "असं मुकाट्यानं नाही यायचा तो. नाव घेऊन ओढा."

कुणाच्या तोंडून नाव निघेना. चार वर्षं ते गावात कुणी उच्चारलं नव्हतं.

मग म्हाताऱ्या मासा पाटलानं काठी फेकून दिली, दोर खांद्यावर घेतला, आणि छातीत होता नव्हता तेवढा दम गोळा करून ओरडला, "केसा!"

"केसा!" सगळं गाव ओरडलं, आणि दगड हलला.

"केसा!" दोनशे माणसं ओरडत होती, डोंगरावरून नाव परत येत होतं, नाल्यापलीकडच्या जंगलात जात होतं, आणि दगड चढावरून वर वर येत होता. मीही ओढत होते. हाताची सालं निघाली होती. मी शेजारी बघितलं, तर रैनी दोर ओढता ओढता हसत होती.